वरचे दोन आठवडे कुठले?

सोनोग्राफीच्या कागदावर ‘८ आठवडे’ वाचलं आणि सासूबाईंचा चेहरा उतरला. लेक ट्रकवर असतो. तो २२ जूनला घरी आला, आज ५ ऑगस्ट. म्हणजे जेमतेम सहा आठवडे. “सिस्टर, मग वरचे दोन आठवडे कुठले?” सून मान खाली घालून बसलेली.

तालुक्याच्या दवाखान्यात गरोदर बायकांची नोंदणी करताना हा प्रश्न मला अनेकदा ऐकू येतो, कधी तोंडावर, कधी दाराआडून. त्यामुळे बाहेर कितीही रांग असो, मी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढते.

“मावशी, सुनेची शेवटची पाळी आली १० जूनला. डॉक्टर आठवडे मोजतात ते त्या दिवसापासून. तेव्हा पोटात गर्भ नसतोच. बीज सुटतं पुढे दोन आठवड्यांनी, म्हणजे २४ जूनच्या आसपास. लेक तेव्हा घरीच होता ना?” मावशींनी स्वतः बोट ठेवून रकाने मोजले. मग पुन्हा एकदा मोजले, आणि सुनेला म्हणाल्या, “चल, काहीतरी खाऊन घे.”

पाळीपासूनच मोजायचं कारण साधं आहे. पाळी कधी आली हे बाईला सांगता येतं, बीज कधी सुटलं हे बहुतेकींना कळत नाही. एकोणिसाव्या शतकातले जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाचा नियम बाळंतपणाची तारीख काढायला आजही आम्ही वापरतो: पाळीच्या पहिल्या दिवसात ७ दिवस मिळवायचे आणि तीन महिने मागे यायचं. १० जूनवरून येते १७ मार्च. एकूण २८० दिवस.

पण हा हिशेब २८ दिवसांची पाळी धरून केलेला आहे. बीज सुटतं ते साधारणपणे पुढची पाळी यायच्या १४ दिवस आधी. पाळी ३५ दिवसांनी येणारीचं बीज एकविसाव्या दिवसाच्या सुमारास सुटतं. मूल हवं म्हणून चौदावा दिवस धरून बसलेली अशी जोडपी मला भेटतात तेव्हा फार वाईट वाटतं. योग्य दिवस दर महिन्याला निसटत असतात. सुटलेलं बीज जेमतेम एक दिवस टिकतं, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणून बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस महत्त्वाचे. त्या सुमारास अंगावरून जाणारा स्राव कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा पारदर्शक होतो, बोटांत धरला तर ताणला जातो. ही खूण फुकट आहे आणि घरच्या घरी कळते. मात्र आजारपणात, अंगावर पाजत असताना बीज सुटण्याचा दिवस पुढे-मागे होतो, तेव्हा मूल नको असेल तर नुसत्या कॅलेंडरच्या भरवशावर दिवस टाळू नका.

त्या ३५ दिवसांवालीची बाळंतपणाची तारीखही आठवडाभर पुढे जाते. पाळी अनियमित असेल किंवा तारीख आठवत नसेल, तर पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी चुकवू नये. तेव्हा बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजतात; त्यावरून काढलेल्या तारखेत सहसा आठवड्याहून जास्त फरक पडत नाही. पुढे प्रत्येक बाळ आपापल्या गतीने वाढतं. आठव्या महिन्यातल्या कागदावर वेगळी तारीख आली म्हणून पहिली खोडायची नाही. बाळ लहान भरत असेल, तर ते कळायला तीच पहिली तारीख लागते. तो पहिला कागद फाइलीत सगळ्यांत वर लावा.