लक्झरी सेडानचे टायर : फक्त ‘ऑल सीझन’ नावाला भुलू नका

लक्झरी सेडान आता फक्त उद्योगपतींच्या दारात दिसते असं नाही. चार-पाच वर्षं वापरलेली मर्सिडीज सी क्लास, बीएमडब्ल्यू ३ सिरीज किंवा ऑडी ए४ अनेकदा नव्या एसयूव्हीच्या किमतीत मिळून जाते आणि नोकरदार कुटुंबंही ती घेतात. गाडी घरी आली की पूजा होते, नारळ फुटतो, स्टेटसला फोटो लागतात. पण काही महिन्यांनी मेकॅनिक सांगतो, ‘‘साहेब, टायर संपले.’’ चारही टायरचं कोटेशन हातात पडतं आणि घरात चर्चा सुरू होते. स्वस्तातले टाकूया का? दोनच बदलूया का? अजून एक पावसाळा निघेल का?

या चर्चेत रंग, सीट, सनरूफ यांच्याइतकं लक्ष टायरकडे कुणी देत नाही. खरं तर दीड टनाहून जड असलेली ही गाडी रस्त्याला फक्त चार ठिकाणी टेकलेली असते आणि प्रत्येक ठिकाणी जेमतेम तळहाताएवढं रबर असतं. एबीएस असो, एअरबॅग असो की महागडे ब्रेक, गाडी शेवटी थांबते ती या चार तळहातांच्या जोरावर. म्हणूनच टायर निवडताना काय बघायचं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

‘ऑल सीझन’ म्हणजे नेमकं काय?

हा शब्द मूळचा थंड देशांतला. तिथे उन्हाळ्याचे टायर वेगळे आणि हिवाळ्याचे वेगळे असतात. तापमान साधारण ७ अंशांच्या खाली गेलं की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं आणि पकड कमी होते. वर्षातून दोनदा टायर बदलायचा त्रास नको म्हणून दोन्हींच्या मधला पर्याय आला. गुडइयर कंपनीने १९७७ मध्ये ‘टिएम्पो’ नावाचा ऑल सीझन टायर अमेरिकेत आणला आणि हा प्रकार लोकप्रिय झाला.

आपल्याकडचे ऋतू वेगळे आहेत. नागपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, कोकणात आणि मंगळुरूकडे जूनपासून धो धो पाऊस पडतो, दिल्लीत जानेवारीच्या पहाटे ४-५ अंश असतात. पण देशाच्या बहुतेक भागात बर्फ पडत नाही. त्यामुळे आपल्याकडे सेडानवर जे टायर सर्रास मिळतात, ते युरोपच्या हिशेबाने उन्हाळी टायरच असतात आणि ते आपल्याला बारा महिने चालतात.

बाजूच्या भिंतीवर इंग्रजी ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरं दिसली तर तो चिखल आणि बर्फासाठीचा टायर असल्याचा कंपनीचा स्वतःचा दावा असतो. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असेल, तर तो टायर बर्फावरच्या चाचणीत उत्तीर्ण झालेला असतो. तुम्ही श्रीनगर, मनाली किंवा लेहला राहत असाल, तर हे चिन्ह असलेला टायर नक्की शोधा. पुणे, इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा बेंगळुरूत राहणाऱ्यांनी मात्र या चिन्हासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. आपले खरे दोन ऋतू म्हणजे पाऊस आणि ऊन. टायर या दोन परीक्षांत पास झाला पाहिजे.

पहिली परीक्षा पावसाची

टायरवरची नक्षी शोभेची नसते. त्या खाचांमधून चाकाखालचं पाणी बाहेर फेकलं जातं. खाचा उथळ झाल्या की पाण्याला बाहेर पडायला जागा उरत नाही, टायर पाण्याच्या थरावर चढतो आणि गाडी अक्षरशः तरंगते. त्या क्षणी स्टीअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही.

नव्या टायरच्या खाचा साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असतात. खाचांच्या आत छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरची खूण दाखवतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पण पावसाळ्यात तोवर थांबू नका. खोली ३ मिलिमीटरवर आली की पाऊस सुरू होण्याआधीच टायर बदललेले बरे. खोली मोजायचं छोटं गेज ऑनलाइन अगदी थोड्या पैशांत मिळतं.

नवा टायर घेताना दुकानदाराला ओल्या रस्त्यावरच्या पकडीबद्दल विचारा. युरोपियन लेबल असलेल्या टायरवर पावसाच्या ढगाच्या चित्राशेजारी ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी असते, त्यात ‘ए’ सर्वांत चांगली. अनेक टायरवर ‘ट्रॅक्शन’ असंही लिहिलेलं असतं. त्यात ‘एए’ सर्वोत्तम आणि ‘ए’ त्याखालोखाल. भारतातही केंद्र सरकारने २०२२ मध्ये ओल्या रस्त्यावरची पकड, इंधनाची बचत आणि आवाज यांचे निकष टायरला लागू केले आहेत. टायरवर बीईईचे स्टार असले तर आनंदच आहे, पण ते मुख्यतः इंधनाच्या बचतीबद्दल सांगतात. स्टार जास्त म्हणजे ब्रेक चांगला लागणार, असं समजू नका.

दुसरी परीक्षा उन्हाची

उन्हाळ्यात टायर फुटण्याच्या बातम्या वाढतात. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. सिमेंटचा तापलेला सरळ रस्ता, तासनतास एकसारखा वेग आणि त्यात घासलेले टायर हे मिश्रण घातक ठरतं. म्हणूनच परिवहन विभागाने २०२३ मध्ये या महामार्गावर टायर तपासून, खराब टायरच्या गाड्या अडवण्याची मोहीम घेतली होती.

टायरच्या भिंतीवर ‘टेंपरेचर’ या शब्दापुढे ‘ए’, ‘बी’ किंवा ‘सी’ लिहिलेलं असेल, तर आपल्या हवेसाठी ‘ए’ निवडा.

इथे एक मोठा गैरसमज आहे. ‘उन्हाळ्यात हवा प्रसरण पावते, म्हणून टायरमध्ये हवा कमी भरा’ असा सल्ला पंक्चरवाल्यापासून शेजारच्या काकांपर्यंत सगळे देतात. प्रत्यक्षात उलटं घडतं. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, त्या दुमडण्याने उष्णता तयार होते आणि टायर आतून कमकुवत होत जातो. हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या पट्टीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. पूर्ण कुटुंब आणि डिकीभर सामान असेल तेव्हाचा आकडा तिथे वेगळा दिलेला असतो. हवा नेहमी टायर थंड असताना तपासा. गाडी चालून आल्यावर आकडा थोडा वाढलेला दिसतो, म्हणून हवा सोडू नका. नायट्रोजन भरला तरी ही तपासणी चुकत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

टायरची जन्मपत्रिका वाचा

समजा तुमच्या टायरवर २२५/५० आर १७ ९८ डब्ल्यू असं लिहिलं आहे. २२५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी. ५० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ५० टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १७ म्हणजे रिमचा इंचातला व्यास.

पुढचे दोन तपशील लोक विसरतात. ९८ हा वजनाचा निर्देशांक आहे. असा एक टायर ७५० किलो भार पेलतो. तोच आकडा ९४ असेल, तर क्षमता ६७० किलोवर येते. शेवटचं अक्षर वेगाचं. ‘एच’ २१० पर्यंत, ‘व्ही’ २४० पर्यंत आणि ‘डब्ल्यू’ २७० पर्यंत. ‘आपण कुठे इतक्या वेगाने जातो?’ असा प्रश्न पडेल, पण त्या अक्षरामागे टायरची बांधणी आणि उष्णता सोसण्याची ताकद असते. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा कमी आकडा आणि खालचं अक्षर घेऊ नका. ‘साइज तोच आहे, बसेल’ एवढ्यावर समाधान मानू नका.

आता वय बघा. लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. सेकंडहँड लक्झरी गाडीत हे हमखास तपासा. अशा गाड्या कमी चाललेल्या असतात, नक्षी छान दिसते, पण रबर म्हातारं झालेलं असतं. पाच वर्षं उलटली की दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्या. दहा वर्षांनंतर तर नक्षी कितीही चांगली असली तरी टायर वापरू नये, असं अनेक कंपन्या सांगतात. आपल्या उन्हात त्याच्या बऱ्याच आधी बदलणं शहाणपणाचं.

आयएसआय चिन्हही बघून घ्या. शिवाय लक्झरी गाड्यांच्या काही टायरवर खास खूण असते. मर्सिडीजसाठी ‘एमओ’, ऑडीसाठी ‘एओ’, बीएमडब्ल्यूसाठी चांदणी. याचा अर्थ तो टायर त्या कंपनीच्या गाडीसाठी जुळवून घेतलेला आहे. मिळाला तर उत्तम, पण ही खूण नसलेला योग्य साइजचा चांगला टायरही चालतो. फक्त चारही चाकांना सारखाच घ्या.

रनफ्लॅट ठेवायचे की साधे घ्यायचे?

अनेक लक्झरी सेडानमध्ये स्टेपनीच नसते. त्यांना रनफ्लॅट टायर असतात. भिंत जाड असल्याने पंक्चर झाल्यावरही हे टायर साधारण ८० किलोमीटरपर्यंत, ताशी ८० च्या आत चालवता येतात. रात्री एकटीने गाडी चालवणाऱ्या बाईसाठी किंवा वयस्कर आई-वडिलांसाठी ही मोठीच सोय आहे. पण ते महाग असतात, खड्ड्यांत जास्त आदळतात आणि अनेक ठिकाणी दुरुस्त होत नाहीत.

साधे टायर घेतले तर गाडी मऊ चालते आणि पैसेही वाचतात. मात्र मग पंक्चर किट आणि हवा भरायचा छोटा पंप डिकीत ठेवा आणि तो वापरायला घरात किमान दोघांनी शिकून घ्या. दोन रनफ्लॅट आणि दोन साधे अशी खिचडी करू नका. रस्ते खराब असतील, तर फक्त दिसण्यासाठी मोठे रिम आणि पातळ टायरही टाळा. भिंत जितकी कमी, तितका खड्ड्यात टायरला फुगा येण्याचा धोका जास्त.

दोन बदलायचे की चार?

चारही बदलणं सर्वांत चांगलं. तुमची गाडी चारही चाकांवर जोर घेणारी असेल, म्हणजे क्वाट्रो, एक्सड्राइव्ह किंवा फोरमॅटिक, तर नव्या-जुन्या टायरच्या उंचीतल्या फरकाने गिअरच्या यंत्रणेवर ताण येतो. तिथे दोनच बदलणं पुढे महागात पडू शकतं.

इतर गाड्यांत बजेटमुळे दोनच घेणार असाल, तर नवे टायर मागे लावा. इंजिनचा जोर पुढच्या चाकांवर असला तरीही मागेच. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर वेग कमी करून गाडी सावरता येते. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही.

पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही

१७-१८ इंची चांगल्या टायरचा एक नग साधारण १० हजारांपासून २५-३० हजारांपर्यंत जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिल नीट बघून घ्या. मिशेलिन, कॉन्टिनेंटल, ब्रिजस्टोन, पिरेली, योकोहामा यांच्याबरोबर अपोलो, सीएट, एमआरएफ या आपल्या कंपन्याही आता मोठ्या साइजचे टायर बनवतात. तीन-चार दुकानांत भाव विचारा. जून २०२० पासून टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत, त्यामुळे काही साइज लगेच मिळत नाहीत. पावसाळा तोंडावर येईपर्यंत थांबू नका.

ब्रँड बदलून, ऑफर शोधून, जुने टायर देऊन पैसे वाचवा. पण ‘इम्पोर्टेड सेकंडहँड’ म्हणून मिळणारे टायर आणि गरम पातं फिरवून खाचा पुन्हा कोरलेले टायर कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका. कोरलेला टायर नवा दिसतो, पण त्याच्या आतलं रबर आणखी पातळ झालेलं असतं.

दुकानात जाताना हे लक्षात ठेवा

० गाडीच्या पुस्तिकेतला साइज, वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर मोबाइलमध्ये फोटो काढून न्या.

० चारही टायरच्या बनावटीची तारीख स्वतः वाचा. जुना माल असेल तर नको म्हणा.

० ओल्या रस्त्यावरच्या पकडीला पहिला नंबर द्या, आवाज आणि आयुष्य त्यानंतर.

० अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग त्याच दिवशी करून घ्या, नवे व्हॉल्व्ह बसवायला सांगा.

० टायरच्या हवेचा इशारा देणारी यंत्रणा असेल, तर ती नव्याने सेट करून घ्या.

० पहिले दोन-तीनशे किलोमीटर गाडी शांतपणे चालवा. नव्या टायरचा गुळगुळीत थर निघाल्यावरच पूर्ण पकड मिळते.

० महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी हवा तपासा. हे काम घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींना सोपवलं, तर तेही शिकतील.

आणि टायर बदलायला नेमका कोणता मुहूर्त, असं कुणी विचारलं तर सांगा, मे महिन्याचा शेवट. पहिली सर येण्याआधी चारही चाकांच्या खाचा खोल असल्या की बाकी ऋतूंची फारशी काळजी उरत नाही.