रडार नव्हतं तेव्हा समुद्रातल्या जहाजाचं अंतर कसं मोजायचे?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सॅन फ्रान्सिस्को बंदराच्या तोंडाशी, डोंगरांच्या आड १६ इंची तोफा सज्ज ठेवल्या होत्या. त्यांचा पल्ला होता सुमारे ४० किलोमीटर. इतक्या लांब गोळा पोहोचायला एक मिनिटाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात ताशी ३७ किलोमीटर वेगाने जाणारं जहाज ६०० मीटर पुढे सरकतं! मग नेम धरायचा कुठे?

पद्धत १ : उंची आणि कोन

डोंगरावरच्या दुर्बिणीची समुद्रसपाटीपासूनची उंची माहीत असायची. जहाज जिथे पाण्याला टेकतं तिथे दुर्बीण रोखायची आणि ती किती खाली झुकली ते पाहायचं. उंची आणि कोन मिळाले की त्रिकोणमितीने अंतर निघतं. ब्रिटिश तोफखान्यातले अधिकारी वॉटकिन यांनी १९व्या शतकातच अशी यंत्रं बनवली होती.

यात खरी अडचण भरती-ओहोटीची. समजा, दुर्बीण ६० मीटर उंचीवर आहे आणि भरतीचं पाणी ३ मीटर चढलं. ते हिशोबात धरलं नाही, तर ६ किलोमीटरवरच्या जहाजाचं अंतर सुमारे ३०० मीटरने चुकतं. त्यामुळे पाण्याची पातळी वारंवार तपासून यंत्र जुळवावं लागे.

पद्धत २ : दोन ठाणी, एक जहाज

जहाज फार दूर असेल, तर हा कोन इतका लहान होतो की जराशी चूकही महागात पडते. अशा वेळी किनाऱ्यावर एकमेकांपासून काही किलोमीटरवर असलेली दोन निरीक्षण ठाणी कामाला येत. ठरावीक सेकंदांनी सगळीकडे एकाच वेळी घंटा वाजायची. त्या क्षणी दोन्हीकडचे सैनिक जहाजाची दिशा टिपून फोनवर कळवत. नियंत्रण कक्षात त्या दोन रेषा नकाशावर मांडल्या जात. रेषा छेदतात तिथे जहाज! असे बिंदू जोडत गेलं की जहाजाचा वेग आणि मार्ग कळायचा. त्यावरून ते पुढे कुठे असेल याचा अंदाज घेऊन तोफेला आकडे दिले जात.

मग हे मागे का पडलं?

दुर्बिणीला धुक्यातलं दिसत नाही आणि सॅन फ्रान्सिस्को तर धुक्यासाठीच प्रसिद्ध आहे. युद्धकाळातच रडार आलं. धुकं असो वा अंधार, त्याला जहाजाचं अंतर कळत होतं. दुर्बिणी मग जोडीला राहिल्या.

या तोफांना शत्रूच्या जहाजावर गोळा डागायची वेळ कधी आलीच नाही. गोल्डन गेटजवळच्या टेकड्यांवर मात्र जमिनीत पुरलेली, फक्त समुद्राकडे फट असलेली ती काँक्रीटची ठाणी आजही दिसतात.