सडक्या बटाट्यातले कारागीर

आर्वी-कारंजाचा पट्टा संत्र्याचा. त्यामुळे विकर (एन्झाइम) देणारे जिवाणू वर्धा जिल्ह्यात शोधायचे तर सडक्या संत्र्यापासून सुरुवात करावी, असे कुणालाही वाटेल. पण संत्रे आंबट. त्यात जिवाणूंचे फारसे फावत नाही. सालीवर दिसते ती हिरवी भुकटी पेनिसिलियम या बुरशीची. म्हणून मी बाजार उठल्यावर उरलेले पिचपिचीत बटाटे, गाजरे उचलतो.

वनस्पतीच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिनमुळे. फ्रेंच रसायनज्ञ ब्राकोनो यांनी 1825 साली त्याला हे नाव दिले. पेक्टोबॅक्टेरियमसारखे जिवाणू विकर सोडून हा गोंदच तोडतात आणि बटाट्याचा लगदा होतो. अंबाडीची ताटे पाण्यात कुजवून वाख सोडवणारे आपले शेतकरी अशाच जिवाणूंकडून पिढ्यान्‌पिढ्या काम करून घेत आले, त्यांचे नाव ठाऊक नसताना.

सडका भाग 1 ग्रॅम, निर्जंतुक पाणी 9 मिलिलिटर. त्यातले 1 मिलिलिटर पुन्हा 9 मध्ये. असे सहा टप्पे झाले की मूळ ऐवज दहा लाख पटींनी विरळ होतो. त्याचा थेंब पेक्टिन घातलेल्या आगरवर पसरायचा. दोनेक दिवसांत ठिपके उमटतात; एकेक ठिपका बहुधा एकाच जिवाणूची प्रजा. मग आयोडीन ओतायचे. पेक्टिन शाबूत तिथे तपकिरी रंग, फस्त झाले तिथे फिकट कडे. आयोडीनने वसाहत मरते, म्हणून तिची नक्कल आधीच दुसऱ्या बशीत काढून ठेवावी लागते. पुस्तके हे एका ओळीत उरकतात. खरी मेहनत तिथेच आहे.

हा खटाटोप कापसासाठी. कच्च्या सुतावर मेण आणि पेक्टिनचा थर असतो, म्हणून ते पाणी आणि रंग नीट पीत नाही. गिरण्या ते कॉस्टिक सोड्यात उकळतात. इंधन जळते आणि सांडपाणी जहाल होते. बॅसिलस जातीच्या काही जिवाणूंचे पेक्टिनेज हेच काम सौम्य उष्णतेत करते. ते बाजारात विकतही मिळते. मात्र मेण त्याने पुरते जात नाही, सरकीच्या सालीचे काळे कण तर मुळीच नाहीत. शुभ्र कापड हवे असेल तर विरंजन टळत नाही. गडद रंगाच्या सुताला, माझ्या मते, एवढे पुरावे. 1934 पासून ग्रामोद्योगांचा विचार करणाऱ्या मगनवाडीच्या गावात हा हिशेब मांडायलाच हवा.

वापरलेल्या बशा प्रेशर कुकरमध्ये चांगल्या शिजवूनच टाकाव्यात. पेक्टोबॅक्टेरियम माणसाच्या वाट्याला सहसा जात नाही, पण परसातल्या बटाट्याच्या वाफ्याला सोडत नाही.