कबड्डीपटूंचा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आणि आपली औषधयोजना

स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की चिकित्सालयात कबड्डीपटूंची ये-जा वाढते. सामना होऊन दोन दिवस लोटले तरी अंग मोकळे होत नाही, ही नित्याची तक्रार. सोबतचे प्रशिक्षक ‘एखादे अँटिऑक्सिडंट द्या’ असा आग्रह धरतात.

कबड्डीतील चढाई अवघी 30 सेकंदांची. परंतु त्यात श्वास न सोडता उच्चार, झेप आणि पकडीत सापडल्यावर सर्वांगाचे एकवटलेले बल असते. ताणून आवळलेल्या स्नायूतील रक्तप्रवाह क्षणभर रोधला जातो व सुटका होताच वेगाने परततो. या उलथापालथीत झँथिन ऑक्सिडेजसारख्या विकरांमुळे मुक्त मूलके निर्माण होतात. पुढे क्षत स्नायूकडे धाव घेणाऱ्या श्वेतपेशी त्यांत भर घालतात. म्हणूनच हा ताण शिट्टी वाजल्यावर संपत नाही. रक्तातील क्रिएटिन कायनेज तर एक ते तीन दिवस चढते राहू शकते.

मात्र मुक्त मूलके सर्वस्वी शत्रू नव्हेत. 2009 साली रिस्टो व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार आठवड्यांच्या व्यायामासोबत रोज 1000 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व व 400 युनिट ई जीवनसत्त्व दिले असता, व्यायामाने इन्सुलिनच्या कार्यात होणारी सुधारणाच रोखली गेली. शरीराची स्वतःची प्रतिऑक्सिडीकारक विकरेही वाढली नाहीत. म्हणजे सरावाच्या काळात मोठ्या मात्रेतील गोळ्या हितकर ठरतीलच असे नाही. आमलकी आहारात असावी, अभ्यंग व निद्रा यांत कसूर नसावी. माझा भर एवढ्यावरच असतो. वाग्भटाने अर्धशक्ती व्यायामाची मर्यादा सांगून अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, श्रम, ज्वर आदी व्याधी होतात असे म्हटले आहे. स्पर्धक खेळाडू ही मर्यादा पाळणार नाही, हे उघड आहे. निदान दोन स्पर्धांमध्ये विश्रांती मिळावी, हे प्रशिक्षकांस वैद्यानेच सांगावयास हवे.

औषधालयचालक बंधूंसाठी याहून गंभीर बाब निराळीच आहे. एका चढाईपटूच्या पिशवीत मला आध्मानासाठी कोणीतरी दिलेली अग्नितुंडी वटी आढळली. आठवड्यावर सामने आले होते. या कल्पात कुचला असतो आणि त्यातील स्ट्रिक्नीन हे स्पर्धाकाळात निषिद्ध द्रव्य आहे. श्वासावर वापरल्या जाणाऱ्या सोमलतेतील एफेड्रिनही मूत्रात प्रति मिलिलिटर 10 मायक्रोग्रॅमहून अधिक आढळल्यास खेळाडू दोषी ठरतो. ‘वैद्यांनी दिले होते’ एवढ्याने त्याची सुटका होत नाही. ती वटी मी तत्काळ बंद करविली. आता खेळाडू समोर बसला की नाडी पाहण्याआधी त्याची पिशवी उघडावयास सांगतो.