स्तंभाकार बेसाल्ट

लाव्हा थंड होताना आकुंचन पावल्यामुळे उभ्या भेगांनी विभागला जाऊन तयार झालेला, पंचकोनी, षट्कोनी वा सप्तकोनी खांबांच्या दाट समूहासारखा दिसणारा बेसाल्ट खडक. यातील खांबांची रचना इतकी नियमित असते की, प्रथमदर्शनी ते पाथरवटाने घडवून रचले असावेत असे वाटते. प्रत्यक्षात ही रचना पूर्णपणे नैसर्गिक असून तिच्यामागे उष्णतेचे वहन, आकुंचन आणि तडे जाण्याची क्रिया एवढीच कारणे आहेत. ज्या भेगांमुळे खडकाचे असे खांब पडतात त्यांना भूविज्ञानात ‘स्तंभाकार सांधे’ म्हणतात.

यवतमाळ जिल्ह्यातील आढळ : वणी-पांढरकवडा पट्ट्यात, झरी-जामणी तालुक्यातील शिबला-पारडी परिसरात रस्त्याच्या कामासाठी खोदकाम चालू असताना २०२१ मध्ये असे खांब उघडे पडले. चंद्रपूर येथील पर्यावरण व भूविज्ञानाचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी हे खांब म्हणजे स्तंभाकार बेसाल्ट असल्याचे जाहीर केले. विदर्भात काळ्या पाषाणात, चुन्याचा वापर न करता बांधलेली हेमाडपंती मंदिरे अनेक ठिकाणी आहेत. त्यामुळे जमिनीखालून निघालेले कोनबद्ध काळे खांब पाहून एखाद्या जुन्या मंदिराच्या वा गढीच्या अवशेषांची आठवण होणे स्वाभाविक आहे. तथापि हे खांब मानवाच्या उदयापूर्वी कितीतरी कोटी वर्षे अस्तित्वात आलेले आहेत.

या आढळाचे महत्त्व जिल्ह्याच्या भूवैज्ञानिक रचनेवरून स्पष्ट होते. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांमधून लाव्ह्याचे पूर पुनःपुन्हा बाहेर पडले आणि त्यांचे थर एकावर एक साचत गेले. हे थर म्हणजेच दक्षिण ट्रॅप होय. आज उरलेल्या दक्षिण ट्रॅपचे क्षेत्र सु. ५ लाख चौ. किमी. असून महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याने व्यापला आहे. सह्याद्रीत या थरांची जाडी सर्वाधिक असून पूर्वेकडे ती कमी होत जाते. यवतमाळ जिल्ह्याचा पश्चिम व मध्य भाग ट्रॅपचा आहे, तर वणीच्या आसपास ट्रॅपचे आवरण विरळ होऊन त्याखालचे अधिक जुने खडक, म्हणजे कोळसा असलेले गोंडवनी थर व पैनगंगा खोऱ्यातील चुनखडक, पृष्ठभागावर येतात. लाव्ह्याच्या विस्ताराची ही जणू पूर्वेकडील किनार होय. त्यामुळे कोळसा, चुनखडक आणि लाव्हा यांचा निकट सहवास या एकाच टापूत पहावयास मिळतो.

उत्पत्ती : बेसाल्टी लाव्हा बाहेर पडताना त्याचे तापमान सामान्यतः १,१००° ते १,२००° से. असते. त्याच्या प्रवाहाचा वरचा पृष्ठभाग हवेमुळे व खालचा पृष्ठभाग जमिनीमुळे थंड होऊ लागतो. मधला भाग मात्र दीर्घकाळ तप्त राहतो. घन झालेला खडक आणखी थंड होताना आकुंचन पावतो. तापमान एक अंशाने उतरले की खडकाची लांबी सु. एक लक्षांशाने घटते. हे आकुंचन क्षुल्लक वाटले, तरी ८००°–९००° से. इतक्या घटीमुळे ५० सेंमी. रुंदीचा भाग जवळजवळ अर्धा सेंमी. आक्रसतो. खडक सर्व बाजूंनी शेजारच्या खडकाला जखडलेला असल्याने त्याला मोकळेपणी आक्रसता येत नाही. त्यात ताण निर्माण होतो आणि तो असह्य झाला म्हणजे खडकाला तडे जातात.

तडे प्रथम थंड पृष्ठभागावर पडतात. आरंभी त्यांची मांडणी वेडीवाकडी असते. आधी पडलेल्या तड्याला नंतरचा तडा काटकोनात येऊन मिळतो, कारण पहिल्या तड्याने एका दिशेचा ताण आधीच मोकळा केलेला असतो. खडकाचे थंड होणे जसजसे आत सरकते, तसतसे तडेही टप्प्याटप्प्याने आत वाढतात. प्रत्येक टप्प्यात त्यांची जागा व दिशा किंचित बदलते. अशा अनेक टप्प्यांनंतर काटकोनातील संधिस्थाने नाहीशी होऊन तेथे तीन तडे परस्परांशी सु. १२०° चा कोन करून मिळू लागतात. अशी संधिस्थाने सर्वत्र झाली की उरलेल्या खडकाच्या छेदाचा आकार आपोआप षट्कोनी होतो.

षट्कोनच का, याचे उत्तर भूमितीत आहे. एकाच आकाराच्या सुसम बहुभुजांनी, फटी न ठेवता पृष्ठभाग झाकावयाचा तर त्रिकोण, चौकोन आणि षट्कोन हे तीनच आकार चालतात. त्यांपैकी दिलेल्या क्षेत्रफळासाठी षट्कोनाची परिमिती सर्वांत कमी असते. म्हणजेच षट्कोनी मांडणीत कमीत कमी लांबीच्या तड्यांनी ताण मोकळा होतो. तथापि निसर्गातील सर्वच खांब षट्कोनी नसतात. एकाच समूहात चार ते आठ बाजूंचे खांब आढळतात. त्यांच्या बाजूंच्या संख्येची सरासरी मात्र सहाच्या आसपास येते.

खांबांची जाडी लाव्हा किती वेगाने थंड झाला यावर अवलंबून असते. सावकाश थंड झालेल्या प्रवाहात खांब जाड, तर झपाट्याने थंड झालेल्या प्रवाहात बारीक होतात. भेगांमधून झिरपणारे पावसाचे पाणी वाफ होऊन परतते व आतील उष्णता बाहेर आणते. त्यामुळे थंड होण्याची क्रिया खोलवर दीर्घकाळ जवळपास समान वेगाने चालते आणि खांबांची जाडी एकसारखी राहते. खांब नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाला लंब असतात. सपाट पसरलेल्या प्रवाहात ते उभे असतात. जमिनीतील उभ्या भेगेत शिलारस थिजून झालेल्या भित्तीमध्ये ते आडवे असून लाकडाच्या मोळीप्रमाणे रचलेले दिसतात. जाड प्रवाहाच्या खालच्या भागात सरळ व नियमित खांब, तर वरच्या भागात बारीक, वाकडेतिकडे व पंख्यासारखे फाकलेले खांब असतात.

परिचित उदाहरण व प्रयोग : आकुंचनामुळे पृष्ठभाग बहुभुजी तुकड्यांत विभागला जाणे विदर्भातील शेतकऱ्याला नवे नाही. वैशाखात काळ्या मातीच्या शेतात पडणाऱ्या भेगा हे याच तत्त्वाचे उदाहरण होय. तेथे उष्णतेऐवजी पाणी निघून गेल्याने आकुंचन होते, एवढाच फरक. विशेष म्हणजे ही काळी माती बेसाल्टाच्याच झिजेतून बनलेली आहे. शेतातील भेगा मात्र बहुधा काटकोनात मिळतात, कारण त्यांना फार खोलवर, टप्प्याटप्प्याने वाढण्यास वाव मिळत नाही.

प्रयोगशाळेत हीच क्रिया स्वयंपाकघरातील वस्तूने दाखविता येते. मक्याचे पीठ (स्टार्च) पाण्यात कालवून त्याचा जाड थर दिव्याखाली वाळविला असता त्यात काही मिमी. रुंदीचे बहुभुजी खांब तयार होतात. गेरहार्ट म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये या खांबांचा बेसाल्टी खांबांचे प्रतिरूप म्हणून अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानंतरच्या दशकात टोरांटो विद्यापीठातील लुकास गेरिंग व स्टीफन मॉरिस यांनी वाळण्याचा वेग नियंत्रित करून खांबांच्या जाडीशी त्याचा संबंध दाखविला. तडे नेमके कोणत्या तापमानास पडतात, हा प्रश्न मात्र बराच काळ अनुत्तरित होता. इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी आइसलँडमधील बेसाल्टाचे नमुने पकडीत घट्ट धरून, तापवून थंड होऊ दिले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार हे तडे ८४०° ते ८९०° से. या दरम्यान, म्हणजे खडक पूर्ण घन झाल्यावर परंतु अद्याप तप्त असतानाच पडतात.

इतिहास : या खडकाने यूरोपातील विद्वानांनाही दीर्घकाळ बुचकळ्यात टाकले होते. उत्तर आयर्लंडमधील जायंट्स कॉजवे येथे समुद्रकिनाऱ्यावर सु. ४०,००० खांब आहेत. लोककथेनुसार तो एका राक्षसाने समुद्र ओलांडण्यासाठी बांधलेला रस्ता होय. १६९३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे वर्णन आले, तेव्हा तो मानवाने बांधला की निसर्गाने, यावरच चर्चा झाली. पुढे अठराव्या शतकात वाद उत्पत्तीविषयी सुरू झाला. बेसाल्ट हा प्राचीन सागराच्या पाण्यातून निक्षेपित झालेला खडक होय, असे मत फ्रायबर्ग येथील व्हेर्नर यांच्या अनुयायांनी हिरिरीने मांडले. फ्रान्समधील नीकॉला देमारे यांनी १७६३ मध्ये ओव्हेर्न्य भागात हिंडून बेसाल्टी खांब थेट मृत ज्वालामुखीच्या लाव्हा प्रवाहांचाच भाग असल्याचे पाहिले होते. अखेरीस त्यांचे मत मान्य झाले. अशा रीतीने खांबांच्या चमत्कारिक आकाराविषयीच्या कुतूहलातून अग्निज खडकांच्या उत्पत्तीचा मूलभूत प्रश्न सुटण्यास साहाय्य झाले. २००९ मध्ये मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाच्या छायाचित्रांतही असे खांब ओळखण्यात आले.

मानवनिर्मित खांबांपासून वेगळेपण : घडविलेल्या खांबांवर छिन्नीचे घाव असतात. नैसर्गिक खांबाच्या बाजूंवर मात्र ठरावीक अंतराने आडवे पट्टे दिसतात. भेग वाढतानाच्या एकेका टप्प्याची ती खूण असते. शेजारच्या दोन खांबांच्या बाजू एकमेकींशी तंतोतंत जुळतात व त्यांच्या खनिजांचा पोतही एकच असतो. खांबांना आडवे तडेही असून त्यांपैकी काहींचा एक पृष्ठभाग फुगीर व दुसरा खोलगट असतो. आयते मिळालेले असे खांब माणसाने बांधकामासाठी वापरल्याची उदाहरणे आहेत. पॅसिफिक महासागरातील पोनपे बेटावरील नान मादोल हे प्राचीन नगर अशाच खांबांची आडवी रचना करून बांधलेले आहे. म्हणून खांब नैसर्गिक असले, तरी ते मूळ जागी आहेत की हलविलेले, हे स्वतंत्रपणे पहावे लागते.

महाराष्ट्रातील इतर स्थळे : मुंबईत अंधेरी येथील गिल्बर्ट टेकडी हे सर्वपरिचित उदाहरण असून सु. ६ कोटी वर्षांपूर्वीचा हा खडक सु. ६० मी. उंच आहे. कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळा तालुक्यातील बांदिवडे येथेही असे खांब आहेत. कर्नाटकात मलपेजवळील सेंट मेरी बेटांवरील खांब यांसारखेच दिसत असले, तरी तेथील खडक बेसाल्टाहून अधिक सिलिकायुक्त व दक्षिण ट्रॅपपेक्षा जुना आहे.

महत्त्व व संरक्षण : सांधे नसलेला घट्ट बेसाल्ट पाणी जवळजवळ साठवीत नाही. ट्रॅपच्या प्रदेशात विहिरींना लागणारे पाणी मुख्यतः झिजलेल्या थरांत व भेगांत असते. त्यामुळे सांध्यांची दिशा, खोली व दाटी यांचा अभ्यास यवतमाळसारख्या कोरडवाहू शेतीच्या जिल्ह्यात व्यावहारिक दृष्ट्याही उपयुक्त ठरतो. थंड होण्याची दिशा व वेग यांची नोंद खांबांत टिकून राहिलेली असल्याने मूळ प्रवाहाची जाडी व परिस्थिती यांविषयीही त्यांवरून अनुमान काढता येते.

दुर्दैवाने हाच खडक गिट्टीसाठी सर्वांत सोयीचा असतो. तो आधीच भेगांनी विभागलेला असल्याने सुरुंगाशिवायही सुटतो. गिल्बर्ट टेकडीच्या सभोवतालचा खडक खाणकामात संपून आज केवळ एकच सुळका शिल्लक आहे. शिबला-पारडी येथे खांब ज्या खोदकामाने उजेडात आले, तशाच खोदकामाने ते नष्टही होऊ शकतात. प्राचीन वास्तूंसाठी कायद्याचे संरक्षण पूर्वीपासून आहे. भूवैज्ञानिक वारशासाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. पडलेले मंदिर जुन्या आराखड्यावरून पुन्हा उभारता येते. फोडलेला स्तंभाकार बेसाल्ट पुन्हा निर्माण होण्यासाठी मात्र लाव्ह्याचा नवा पूरच यावा लागेल. म्हणून असे खांब आढळल्यास ते न हलविता त्यांची जागेवरच मोजमापे व छायाचित्रे घेऊन नोंद करणे आणि त्यांचा निदान काही भाग मूळ स्थितीत राखून ठेवणे आवश्यक ठरते.