गोळ्या घेऊनही रक्त का वाढत नाही?

आमच्या बचत गटातल्या एका ताईंचं हिमोग्लोबिन ८ होतं. दीड वर्ष लोहाच्या गोळ्या, गूळ-शेंगदाणे, पालेभाजी सगळं चालू, तरी रक्त वाढेना. घरचे म्हणायचे, 'गोळ्या नीट घेत नसशील.' मीही तेच म्हणाले होते. त्याचं आज वाईट वाटतं.

दुखणं आतड्याचं होतं. जुलाब होत, शौचातून रक्त जाई. मूळव्याध असेल म्हणून लाजेनं त्या बोलल्याच नाहीत. दुर्बिणीच्या तपासणीत अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला, म्हणजे मोठ्या आतड्याला वारंवार येणारी सूज आणि जखमा. क्रोन्स हाही याच जातीचा आजार.

यात रक्त दोन वाटांनी कमी होतं. एक तर जखमांतून जातं. दुसरं, सूज असली की शरीर लोह अडवून ठेवतं. कणगीत धान्य आहे, पण कणगीला कुलूप! पोटातून गेलेलं लोहही मग नीट शोषलं जात नाही.

म्हणून नुसतं हिमोग्लोबिन पुरत नाही. गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या, पुरुषाचं १३ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया. पुढची तपासणी फेरिटिनची, म्हणजे साठ्यातल्या लोहाची. एरवी ते ३० च्या खाली असेल तर लोह कमी समजतात. पण सुजेमुळे फेरिटिन वाढतं, त्यामुळे सूज असताना १०० पर्यंत दिसलं तरी लोह कमी असू शकतं. म्हणून सोबत सीआरपी आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन बघतात. बी-१२ आणि फोलिक अ‍ॅसिडही तपासतात.

आजार शांत असेल आणि अ‍ॅनिमिया सौम्य असेल तर गोळ्या चालतात. सूज जोरात असेल, हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल किंवा गोळ्या सोसत नसतील, तर दवाखान्यात देखरेखीखाली शिरेतून लोह देतात. सोबत आतड्याच्या सुजेवर औषध हवंच, नाहीतर रक्त पुन्हा उतरतं. आपल्या मनानं गोळ्या वाढवू नका, बंदही करू नका.

ताईंनी गटातून कर्ज काढून तपासण्या केल्या. शिरेतून लोह घेतलं, आतड्याची औषधं सुरू झाली. आज हिमोग्लोबिन साडेअकरा आहे. अजून १२ झालेलं नाही, म्हणून दर तीन महिन्यांनी तपासणी चालू आहे.

तर मैत्रिणींनो, गोळ्या घेऊनही कुणाचं रक्त वाढत नसेल तर तिला दोष देऊ नका. बाजूला बसवा आणि हळूच विचारा, 'पोट कसं आहे? शौचातून रक्त जातं का?' आणि तिच्यासोबत डॉक्टरांकडे जा.