सुरू होऊन बंद पडणारी डिझेल मोटार

डिझेलवर चालणारी मोटार मुळीच सुरू होत नसेल, तर दोष शोधणे त्यामानाने सोपे असते. किल्ली फिरवताच ती सुरू होते, थोडा वेळ चालते आणि मग आचके देत बंद पडते, तेव्हा मात्र मालक गोंधळतो. अशा वेळी गॅरेजमध्ये अंदाजाने सुटे भाग बदलण्याचा सपाटा सुरू होतो. नोझल काढून तपासले जातात, पंप उघडला जातो, बिल हजारोंच्या घरात जाते. कित्येकदा खरा दोष मात्र तडकलेल्या एखाद्या रबरी नळीत किंवा चोंदलेल्या फिल्टरमध्ये असतो. म्हणून अशा मोटारीची तपासणी क्रमाने होणे महत्त्वाचे ठरते.

रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये यशस्वीपणे चालवून दाखविलेल्या या इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दाबून तापविली जाते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. त्यामुळे इंजिन एकदा सुरू झाले, याचाच अर्थ बॅटरी आणि सेल्फ ठीक आहेत आणि सिलिंडरमधील दाबही बहुधा पुरेसा आहे. हीटर प्लग निकामी असेल तर थंडीत सुरू होतानाच त्रास होतो, इंजिन थरथरते आणि पांढरा धूर येतो. हे लक्षण नसेल, तर संशयाची सुई प्रथम इंधनाकडे वळते.

घड्याळ काय सांगते?

इंजिन किती वेळाने बंद पडते, हा पहिला पुरावा. एक-दोन सेकंदांतच ते थांबत असेल आणि डॅशबोर्डवरील किल्लीचे चिन्ह लुकलुकत असेल, तर इमोबिलायझरला किल्लीची ओळख पटत नसण्याची शक्यता असते. अशा वेळी दुसरी किल्ली वापरून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय. काही सेकंदांपासून एखाद्या मिनिटापर्यंत चालून बंद पडत असेल, तर पंपात आणि फिल्टरमध्ये शिल्लक असलेले डिझेल संपते आहे आणि मागून नवे येत नाही, असे समजावे. इंजिन तापल्यावरच बंद पडत असेल आणि थंड झाल्यावर पुन्हा निमूट सुरू होत असेल, तर क्रँक सेन्सर तपासावा लागतो. उष्णतेने त्याचा संदेश तुटतो आणि इंजिनाचा संगणक डिझेल रोखतो.

डिझेल कुठे अडते?

टाकीत खरोखर डिझेल आहे ना, हे आधी पाहावे. काटा फसवा असू शकतो. टाकीचे झाकण सैल केल्यावर हवा आत ओढली गेल्याचा आवाज येऊन इंजिन नीट चालू लागले, तर टाकीचा हवेचा मार्ग बंद झालेला असतो. त्यानंतर फिल्टर. डिझेलपेक्षा पाणी जड असल्याने ते फिल्टरच्या तळाशी साचते. तळाचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल पारदर्शक बाटलीत काढले, की पाण्याचा थर वेगळा दिसतो. विशेषतः पावसाळ्यात ही तपासणी टाळू नये.

सर्वांत फसवा दोष म्हणजे नळीत शिरणारी हवा. अनेक मोटारींत पंप इंजिनाजवळ असतो आणि तो टाकीतून डिझेल ओढून घेतो. अशा नळीला बारीक चीर पडली, तर डिझेल बाहेर गळण्याऐवजी हवा आत खेचली जाते. जमिनीवर एक थेंबही दिसत नाही, म्हणून दोष सापडत नाही. रात्रभर गाडी उभी राहिल्यावर नळीतील डिझेल टाकीत उतरते. सकाळी पंपातील उरलेल्या डिझेलवर इंजिन सुरू होते आणि हवा पोहोचताच थांबते. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये तात्पुरती पारदर्शक नळी जोडली, की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. हवेचा मार्ग सापडल्यावर नळी, क्लिप किंवा वॉशर बदलून हातपंपाने हवा काढली, की काम भागते. काही मोटारींचा विजेवर चालणारा पंप मात्र टाकीतच असतो. तेथे किल्ली फिरवल्यावर त्याची घरघर ऐकू येते की नाही, हे पाहावे.

जुने इंजिन, नवे इंजिन

१९९८ मध्ये आलेल्या टाटा इंडिकाच्या पिढीतील रोटरी पंपावर डिझेल बंद करणारा विद्युत झडप-स्विच असतो. त्याची वायर सैल झाली, तर इंजिन झटक्यात थांबते. किल्ली फिरवताना पंपावर ‘टक्’ असा आवाज येणे ही त्याची साधी परीक्षा.

कॉमन रेल इंजिनात मात्र प्रश्न दाबाचा असतो. ठरावीक दाब निर्माण झाल्याखेरीज संगणक नोझल उघडतच नाही. नोझल झिजले असतील, तर परतीच्या नळीतून डिझेल प्रमाणाबाहेर टाकीकडे जाते आणि दाब टिकत नाही. प्रत्येक नोझलची परतीची नळी वेगळ्या बाटलीत सोडून समान वेळेत किती डिझेल जमा होते ते मोजले, की दोषी नोझल ओळखता येतो. स्कॅनरवर ‘पी ००८७’ हा संकेत दिसला, तर रेलमधील दाब कमी आहे इतकेच कळते. पंपच बिघडला, असा त्याचा अर्थ नव्हे. चोंदलेला फिल्टरही हाच संकेत देऊ शकतो.

इंधन निर्दोष आढळल्यास हवेची बाजू उरते. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी ईजीआर झडप काजळीने उघडीच अडकली, तर शुद्ध हवा अपुरी पडते. इंजिन काळा धूर सोडते आणि मंद गतीवर बंद पडते. झडप साफ केल्यानेही अनेकदा हा दोष दूर होतो.

काही पथ्ये मात्र पाळावीत. कॉमन रेलचा दाब हजार बारच्याही वर जातो. चालू इंजिनाचा उच्च दाबाचा पाइप सैल केल्यास डिझेलची धार त्वचा भेदून आत शिरते. जखम लहान दिसली, तरी ताबडतोब शस्त्रक्रिया करावी लागू शकते. हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा फवारा मारल्यास अवेळी स्फोट होण्याचा धोका असतो. सेल्फही सलग दहा सेकंदांहून अधिक मारू नये. डिझेल हेच पंपाचे वंगण असल्याने कोरडा फिरणारा पंप झिजतो आणि त्याचे धातूचे कण नोझलपर्यंत पोहोचतात. मग किरकोळ दुरुस्तीचे रूपांतर मोठ्या खर्चात होते.

म्हणूनच पंप किंवा नोझल बदलण्यास संमती देण्यापूर्वी मालकाने तीन प्रश्न अवश्य विचारावेत. फिल्टर आणि नळ्या तपासल्या का, रेलचा दाब किती भरला आणि परतीचे डिझेल मोजले का? या तिन्हींची उत्तरे आकड्यांत आणि प्रत्यक्ष दाखवून मिळाली, तरच मोठ्या दुरुस्तीला हात घालणे शहाणपणाचे ठरते.